पैलवानाचं टायटॅनियम

दिनकर जगदाळेची आणि माझी ओळख सांगलीतल्या एका खानावळीत झाली. मी ताटावर बसलो होतो, आमटी निवत चालली होती, तेवढ्यात मोडक्या कानाचा आणि खांबासारख्या मानेचा एक माणूस समोरच्या बाकावर येऊन बसला. नाव सांगितलं, तुमच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात धातुशास्त्र शिकवायला आलोय म्हणाला, आणि शर्टाच्या खिशातून बोटाएवढा एक राखाडी तुकडा काढून माझ्या डाव्या हातावर ठेवला.

“वजन बघा.”

“अॅल्युमिनियम दिसतंय,” मी म्हणालो.

“सगळे तेच म्हणतात.” तो एकदम खूश झाला. “टायटॅनियम हाय हे. पोलादाशी झोंबी घेईल, आन् वजन निम्म्याहून जरासंच जास्त.”

मी गणिताचा मास्तर. भुकेच्या वेळी कुणी हातात धातू दिला तर माझं डोकं फिरतं. पण तुकडा परत घेताना त्याने तो रुमालाने पुसला आणि तान्ह्या पोराला झोळीत निजवावं तसा खिशात ठेवला, तेव्हाच मी ओळखलं की हा गृहस्थ आपल्याला यापुढे सुखाने जेवू देणार नाही. झालंही तसंच.

तो रहिमतपूरजवळच्या एका खेड्यातला. घराणं फौजी. वडील सुभेदार होऊन परत आले आणि लवकरच गेले. धाकटा भाऊ तानाजी फौजेत होता. दिनकर तालमीत वाढला, कान तिथेच मोडून घेतला. आखाड्याच्या मातीतून हा धातूकडे कसा वळला हे मी त्याला पुष्कळदा विचारलं आणि दरवेळी त्याने निराळं उत्तर दिलं. शिष्यवृत्त्यांवर शिकला, हैदराबादेकडच्या एका प्रयोगशाळेत काही वर्षं टायटॅनियमवर काम केलं, आणि आई गावात एकटी पडली म्हणून इकडे निघून आला. येताना वरिष्ठांच्या परवानगीने ट्रंकभर सळया आणि पट्ट्या आणल्या. त्या ट्रंकेत कपड्यांना जागा उरली नव्हती, त्यामुळे पहिला पगार होईपर्यंत हा एकाच विजारीवर शिकवत होता.

पोरं त्याला पाठीमागे पैलवान म्हणत. तो वर्गात पुस्तक नेत नसे. शुद्ध टायटॅनियम मऊ असतं, शंभरात सहा भाग अॅल्युमिनियम आणि चार भाग व्हॅनेडियम मिसळलं की ते जेट विमानाच्या इंजिनाच्या पात्यांना पुरून उरतं, हे सांगताना त्याचा आवाज चढे. त्या मिश्रधातूला तो ‘सहा-चार’ म्हणे, शेजारच्या घरातल्या माणसाचं नाव घ्यावं तसं. या धातूची एक वाईट खोड आहे. लाल तापला की हवेतला प्राणवायू अधाशासारखा पिऊन घेतो आणि त्याची वरची कातडी ठिसूळ होते. म्हणून तो निर्वात भट्टीतच वितळवायचा. यावरून दिनकरने स्वतःपुरती एक म्हण केली होती: घाई झाली की हवा शिरते. पेपर अवघड गेला, हवा शिरली. कुणाचं लग्न मोडलं, हवा शिरली. ऐकून ऐकून मला त्या हवेचा वीट आला होता.

त्याचं स्वतःचं लग्न जमता जमता कसं राहिलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. फलटणकडच्या एका बागायतदाराची मुलगी बघायला तो मला घेऊन गेला. पोहे झाले, मुलगी येऊन बसली, आणि या महाशयांनी मुलीच्या वडिलांच्या हातावर तुकडा ठेवून “वजन बघा” म्हटलं. वडिलांना आधी ती चांदी वाटली. चांदी नव्हे म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मग हा धातू कोकणच्या काळ्या वाळूतून निघतो इथपासून जेट विमानापर्यंत सगळी कथा झाली. मुलगी धीट होती. तिने विचारलं, “ह्याचा इळा हुतो का?”

दिनकर विचारात पडला. “होईल. पण धार टिकणार नाही,” तो प्रामाणिकपणे म्हणाला.

बागायतदारांनी पानाचं तबक पुढे केलं, म्हणजे आता उठा. परतीच्या एसटीत याने तुकडा रुमालाने पुसून खिशात ठेवला. मग म्हणाला, “पोरगी चांगली व्हती रं. प्रश्न बरोबर विचारला तिनं.” तिकडून नकार आला. पुढे त्याने दुसरी मुलगी बघितली नाही.

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये त्याचं एक स्वतंत्र लेथ होतं. म्हणजे त्याने ते बळकावलं होतं. टायटॅनियम कातायचं तर यंत्र संथ चालवावं लागतं आणि सतत गार ठेवावं लागतं. एकदा एका विद्यार्थ्याने हौसेने वेग वाढवला आणि लेथखाली साठलेल्या बारीक किसाने पेट घेतला. पांढरा, डोळ्यांना न सोसणारा जाळ. आमचे फोरमन चौगुले पाण्याची बादली घेऊन धावले. जगदाळेने त्यांना अक्षरशः कुस्तीतली ढाक मारून जमिनीवर पाडलं, बादली लांब उडाली, आणि कोपऱ्यातली कोरडी वाळू घमेल्याने ओतून त्याने जाळ दाबला. मग चौगुल्यांच्या पाठीवरची धूळ झटकत तो म्हणाला, “माफ करा. पेटलेल्या टायटॅनियमवर पाणी पडलं असतं तर छप्पर उडालं असतं. पेटल्या टायटॅनियमची आन् पाण्याची गाठ घालून द्यायची न्हाई.” चौगुले आठवडाभर कंबर धरून चालत होते आणि भेटेल त्याला कौतुकाने हीच गोष्ट सांगत होते.

त्याचं खरं वेड विमान नव्हतं. “विमानवाल्यांचं काय, ते परदेशातनं आणतील,” तो म्हणायचा. “माणसाच्या हाडाला कोण आणणार?” मोडलेल्या हाडावर पट्टी ठेवून ती स्क्रूने आवळतात. त्या काळी आपल्याकडे मिळणारी हलक्या प्रतीची पोलादी पट्टी कधी कधी शरीरात गंजायची, पू व्हायचा, पुन्हा फाडून काढावी लागायची. टायटॅनियम शरीरात वर्षानुवर्षं निवांत राहतं. आपल्याच वाळूत पडलेला धातू आपल्याच माणसाच्या हाडाला लागावा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मिरजेच्या एका दवाखान्यात हाडांचे डॉक्टर बापट होते, तापट आणि कसबी. दिनकर वर्षभर त्यांच्या दारात बसला. शेवटी त्यांनी दोन रोग्यांच्या हातांच्या हाडांवर त्याच्या छोट्या पट्ट्या बसवल्या. दोन्ही हात बरे झाले.

त्यातला एक सांगलीच्या हळदीच्या पेठेतला हमाल होता. दिनकर रविवारी सकाळी मला घेऊन पेठेत जायचा आणि कोपऱ्यावर उभा राहून त्या हमालाला पोती उचलताना बघायचा. हळदीच्या धुरळ्याने आमचे कपडे पिवळे व्हायचे. हमाल पाठीवर पोतं घेऊन हसायचा. “काय सर, टिकलाय न्हवं तुमचा पत्रा?” दिनकरच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि तो हळद गेली म्हणून सांगायचा. त्याला मी एवढा सुखी दुसऱ्या कुठे पाहिला नाही.

मग तानाजीचं प्रकरण आलं. एकाहत्तरच्या लढाईत त्याच्या मांडीचं हाड फुटलं होतं. फौजी डॉक्टरांनी पुष्कळ केलं, पण जखमच अशी होती की हाड जुळेना. पेन्शनवर घरी आला, तो कुबडीवर. दोन वर्षांनी पू झाला, फौजी डॉक्टरांनी आत बसवलेली पोलादी पट्टी काढावी लागली, आणि पाय नुसता लोंबायला लागला. बापटांनी पू बरा केला, तपासलं आणि स्पष्ट सांगितलं. “एक शेवटचा प्रयत्न करता येईल. तुमची पट्टी मजबूत हवी आणि शरीराने ती सोसायला हवी. हे फसलं तर पाय मांडीतून काढावा लागेल. तिसरा रस्ता नाही.”

तानाजी हसतमुख पोर. भावाला म्हणाला, “दादा, तू कर. इमान उडतंय त्येच्यावर, मग मी चालंन की.”

दिनकरने ती पट्टी कशी केली ते मी रोज बघत होतो. लेथवर, मिलिंगवर, मग कानशीने, मग पॉलिश कागदाने. मध्येच थांबून ती गालाला लावून बघायचा. गाल सांगतो ऊन झाली का, म्हणायचा. कोमट लागली तरी थांबायचा. पट्टी तयार झाली तेव्हा ती आरशासारखी होती. “हिला विस्तव कसला तो ठाऊक न्हाई बघ, गणित,” तो म्हणाला. मला तो गणितच म्हणायचा.

ऑपरेशनचा दिवस ठरला. आईचा निरोप आला की जी वस्तू लेकाच्या अंगात जायची ती आधी एक रात्र घरच्या देवापुढे राहू दे. यात वावगं काय होतं? तानाजीला आणायला गावी जायचंच होतं. दिनकर पट्टी घेऊन गेला, देव्हाऱ्यात ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी गाडी ठरवायला रहिमतपूरला गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा पट्टी देव्हाऱ्यातच होती, जरा मंद दिसत होती. आई म्हणाली, “काळी पडली व्हती, चिंच-राखंनं घासली.” दिव्याची काजळी असावी असं त्याने धरलं, तरी मनात जरा खुटखुटलं, असं तो मला नंतर म्हणाला. पण दारात गाडी उभी, तानाजीला उचलून ठेवायचा होता, मिरजेला डॉक्टर वाट बघत होते. जन्मभर दुसऱ्यांना घाई करू नका म्हणणाऱ्या माणसाने त्या एका संध्याकाळी घाई केली.

ऑपरेशन नामी झालं. दोन-तीन महिन्यांत तानाजी काठी घेऊन चालू लागला. आईने गावाला जेवण घातलं. सातारच्या कुणीतरी कंदी पेढे आणले, त्यातले दिनकरने कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना वाटले. हैदराबादेहून विचारणा आली की तुमच्या पट्टीचं काम आपण मोठ्या प्रमाणावर करू या. मोडक्या कानाचा हा माणूस महिनाभर शीळ घालत हिंडत होता, आणि शीळ अगदी बेसूर होती.

एका सकाळी तानाजी म्हशीला पाणी दाखवायला निघाला. दारातला उंबरा ओलांडताना मांडीत काड्कन आवाज झाला आणि तो खाली बसला. पट्टी मोडली होती, आणि तिच्या तुटल्या टोकांनी हाडाचाही चुरा केला होता. मिरजेला नेईपर्यंत उशीर झाला. पुन्हा पू झाला, ताप चढला, आणि बापटांनी पाय मांडीतून कापला.

पट्टीचे दोन तुकडे डॉक्टरांनी दिनकरला दिले. त्याने एका तुकड्याची कड घासून, आम्लाने धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मला हाक मारली. मला त्यातलं काय कळणार? पण दिसलं ते मलाही दिसलं. आत करडी नक्षी आणि कडेने, भाकरीला पापुद्रा असावा तसा, एक पांढरा थर. त्या थरात बारीक भेगा.

“ही ठिसूळ कातडी,” तो म्हणाला. “ही लाल तापल्याशिवाय येत न्हाई. मी हिला कधी तापवली न्हाई.” मग त्याने बोटांवर दिवस मोजले; पट्टी एकाच दिवशी त्याच्या नजरेआड राहिली होती, गावी.

शनिवारी आम्ही दोघं त्याच्या गावी गेलो. तो घरी गेलाच नाही, थेट आबा लोहाराकडे गेला. आबा म्हातारा, साऱ्या पंचक्रोशीत नावाजलेला. त्या गावात नवा विळा, नवी कुऱ्हाड, नांगराचा फाळ, काहीही असो, आबाच्या भट्टीत लाल करून पाण्यात बुडवल्याशिवाय कामाला लावत नसत. याला ते पाणी देणं म्हणतात. त्याने पोलाद कडक होतं. सुभेदार जगदाळ्यांनी फौजेतून आणलेली कुऱ्हाडसुद्धा दिनकरच्या आईने आधी आबाच्या भट्टीवर नेली होती.

“आबा, आईनं पट्टी आणली व्हती का?”

“व्हय की!” आबाने भाता सोडून हात पुसले. “म्हनली, पोराच्या अंगात जायाचीय, कच्ची नको. म्या तशी पाठवीन व्हय? दोन डाव लाल केली आन् दोन डाव पाणी दिलं. मागनं कानस लावून बघितली, तर कानस निसटाया लागली. म्हनलं, झ्याक बसलंय पाणी. पैसा बी घेतला न्हाई, जगदाळे. जवानाचं काम.” मग खालच्या आवाजात म्हणाला, “तरी बी मोडली म्हनं. लय वाईट झालं.”

कानस निसटत होती ती त्या टणक, ठिसूळ कातडीवरून. दिनकरने ऐकून घेतलं. मला वाटलं हा आता आबाची भट्टी उधळतो. त्याने वाकून आबाच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, “तुमी चांगलंच केलं, आबा. माझंच चुकलं कुठंतरी.”

बाहेर आल्यावर मी भांडलो. मला संताप आवरत नव्हता. “निदान बापटांना सांग. हैदराबादला कळव. धातू खोटा नाही, तो तापवला गेला, एवढंच. तो हमाल अजून पोती उचलतोय!”

“डॉक्टर तानाजीला सांगणार. तानाजी घरात बोलणार. मग आईला कळणार की लेकाचा पाय तिनं नेला.” तो रस्त्यातच उभा राहिला. “ती जगंल का रं? तूच सांग. तुझं गणित काय म्हणतंय?”

कुणाला सांगायचं नाही म्हणून त्याने मला शपथ घातली.

बापटांना त्याने सांगितलं की माझ्या धातूत दोष राहिला. हैदराबादला तसंच कळवलं. बापटांनी त्यानंतर त्याच्या पट्टीला हात लावला नाही आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. हैदराबादच्यांनी काम थांबवलं. उरलेल्या सळया त्याने कॉलेजच्या भांडारात जमा केल्या आणि राजीनामा दिला. निरोपाच्या चहाला चौगुले म्हणाले, “सर, एकदा आणखी करून बघायचं.” दिनकर हसला. त्याचं ते हसू मला बघवलं नाही. रहिमतपूरच्या एका शाळेत तो विज्ञान शिकवू लागला. पोरांना प्राणवायू शिकवायचा.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते त्याच्या घरी. साताऱ्याला पेपर तपासायला जाताना वाट वाकडी करून गेलो होतो. तानाजी गोठ्यात कुबडी टेकून म्हशीला पेंड घालत होता. आई सोप्यावर बसली होती. मला ओळखून म्हणाली, “या मास्तर. बघितलं न्हवं पोराचं? ह्या थोरल्याच्या इद्येनं धाकट्याचा पाय नेला. आवं, आबानं दोन डाव पाणी दिलं, तरी टिकली न्हाई. म्हंजी मूळचंच बेकार लोखंड. शिकून शिकून ह्यानं काय शिकलं?”

दिनकर चहा घेऊन येत होता. त्याने ते ऐकलं, बहुधा रोजच ऐकत असावा. “खरं हाय, आई,” तो म्हणाला आणि कप तिच्यापुढे ठेवला. तिने त्याला हात लावला नाही. थोड्या वेळाने तानाजी आत आला, त्याने तोच कप उचलून दिला तेव्हा तिने घेतला. दिनकर खाली बघत माझ्या कॉलेजची चौकशी करत राहिला. मला सोडायला तो फाट्यापर्यंत आला. “हे किती दिवस चालवणार?” मी विचारलं. “ती हाय तवर,” तो म्हणाला. एसटी आली, मी चढलो. तो उन्हात तसाच उभा होता. ती खांबासारखी मान गळाठून गेली होती.

तो तिच्या आधी गेला. शाळेत, फळ्यापुढे, छातीत कळ येऊन. मी दहाव्याला गेलो. म्हातारीने मला जवळ बसवलं, माझा हात धरला आणि पुष्कळ रडली. मी शपथेला बांधलेला होतो. ती होती तोवर मी हे कुणाला सांगितलं नाही, आता ती आणि दिनकर, दोघंही नाहीत म्हणून लिहितो आहे. रडून झाल्यावर तिने पदराने डोळे पुसले.

“लय गुनाचा व्हता माझा दिनू,” ती म्हणाली. “त्या पायाचं म्या त्येला कवाच माफ केलं व्हतं, मास्तर. सांगायचं तेवढं राह्यलं.”